बावीस फेब्रुवारीचा कागद

यारडीन
९ मार्च १९८७

ग्लेनिस,

'प्रिय श्री. ट्रेलोअर' अशी सुरुवात असलेलं तुझं पत्र मिळालं. पोस्टातल्या डल्सीने पाकीट देताना विचारलं, "सरकारी दिसतंय, ॲल्विन. काय उपद्व्याप केलास?" मी म्हटलं, मुलीचं आहे. ती म्हणाली, "मुलीचं? मग टाइप कशाला केलंय?" मी म्हटलं, ती कॅनबेराला मोठ्या कामात असते, हाताने लिहायला तिला वेळ नसतो. अठरा वर्षांनी आलेलं पत्र आहे हे मी तिला सांगितलं नाही. ते तिला ठाऊक आहेच.

आधी मला वाटलं, खात्याने भूकंप नोंदवणाऱ्या जुन्या सगळ्या केंद्रांवरच्या माणसांना हे एकच पत्र धाडलं असेल. पण खाली सही तुझी आहे आणि ज्या दिवसाबद्दल विचारलं आहेस ती तारीख बावीस फेब्रुवारी एकोणसत्तर आहे. ती तारीख मला वाचूनही दाखवावी लागत नाही. त्या दिवशी तुझी आई गेली. तू तेव्हा पर्थच्या वसतिगृहात होतीस. तू आलीस ती अंत्यविधीला, आणि याच स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणालीस, "ती इथे मरत होती आणि तू टेकडीवर कागद बदलत होतास. आणि दुसऱ्या दिवशीही गेलास!" मी तेव्हा काही बोललो नव्हतो. आजही त्यावर बोलत नाही. तू जे विचारलं आहेस तेवढ्याचंच उत्तर देतो.

तू विचारतेस की त्या दिवशीच्या कागदावर 'घड्याळ ०.२ सेकंद मागे' असं लिहिलं आहे, तर तो आकडा रेडिओवरून ताडून पाहिला होता का. मी काम कसं करायचो हे तुला माहीत आहे. रोज सकाळी आठला टेकडीवर जायचं, खडकात खोदलेल्या खोलीत उतरायचं, भूकंपयंत्राच्या फिरत्या पिंपावरचा आदल्या दिवसाचा कागद काढायचा, नवा गुंडाळायचा, लेखणीत शाई आहे का बघायचं. मग रेडिओवर वेळेचे ठोके लागतात ते ऐकायचे आणि आपलं घड्याळ किती पुढे, किती मागे ते कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहायचं. चौदा वर्षं मी हे केलं. पाचवीतून शाळा सुटलेल्या माणसाला खात्याने एवढं काम दिलं, त्यात मी हयगय केली नाही.

तर आकडा बरोबर आहे. जसा लिहिला आहे तसा.

माझे डोळे बरे नाहीत. अक्षर वाचता आलं नाही तर कळव.

ॲल्विन ट्रेलोअर
(डॅड)


यारडीन
२३ मार्च १९८७

ग्लेनिस,

या वेळी तू हाताने लिहिलंस. सहाच ओळी, पण मी त्या दिवाणखान्यात, मग व्हरांड्यात, मग परत आत येऊन वाचल्या. व्हरांड्यात माश्या फार झाल्या आहेत. मार्च संपत आला तरी उकाडा हटत नाही. पाण्याच्या टाकीत हातभरच पाणी उरलं आहे. हे तुला कशाला सांगतोय कोण जाणे.

मला समजलं ते असं. त्या दुपारी अटलांटिक समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला. ती जागा आणि आपली टेकडी पृथ्वीच्या गोळ्यावर बरोब्बर एकमेकींसमोर आहेत. म्हणजे तिथून निघालेला हादरा पृथ्वीच्या पोटातून, अगदी मधल्या घट्ट गोळ्यातून, सरळ आपल्या खोलीत आला. वीस मिनिटांत. आणि माझ्या कागदाप्रमाणे तो यायला हवा होता त्यापेक्षा जवळजवळ दोन सेकंद आधी आला. तू म्हणतेस, यावरून असं म्हणता येईल की तो मधला गोळा या दिशेने आपण समजतो त्याहून वेगळा आहे. आणि नेमका तसा कागद जगात दुसरा नाही. चोवीस एप्रिलला अधिवेशनात तू हे वाचणार आहेस.

दोन सेकंद. ग्लेनिस, माणसाला शिंकायला तेवढा वेळ लागतो.

यंत्र बसवायला पर्थहून डॉक्टर हॅलोरन आले होते ते तुला आठवतात का? तू सात वर्षांची होतीस. त्यांनी जेवणाच्या टेबलावर लोखंडाची एक चकती ठेवली होती, आरशासारखी घासलेली, तिच्यावर आडव्यातिडव्या रेघा. आकाशातून पडलेल्या दगडाची ती चकती. ते म्हणाले होते, "पृथ्वीचं पोट कुणी फाडून बघितलेलं नाही, ॲल्विन. आपल्याकडे साक्षीदार दोनच. एक हे दगड. कुठलातरी छोटा ग्रह फुटला, त्याच्या गाभ्यातलं लोखंड इथे येऊन पडलं. म्हणजे आपल्याही गाभ्यात असंच काहीतरी असणार. दुसरा साक्षीदार भूकंप. हादरा कुठे थबकतो, कुठे वळतो, कुठे पोचतच नाही, त्यावरून कळतं की आत पातळ काय आहे आणि घट्ट काय. दगड सांगतो माल कोणता, हादरा सांगतो तो कसा रचला आहे." तुझी आई बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "कलिंगड घेताना आम्ही ठोकून बघतो तसंच की." डॉक्टर इतके हसले. म्हणाले, बाई, तुम्हीच या कामावर या.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक खूळ होतं. एक साक्षीदार मी रोज कागदावर उतरवून देतो, दुसराही आपल्याच हातून डॉक्टरांना मिळावा. मिळालाही. पर्थच्या संग्रहालयात काचेखाली 'यारडीन' नावाचा दगड आहे, मुठीपेक्षा थोडा मोठा. शोधणारे ॲल्विन ट्रेलोअर आणि क्लेम पास्को. सापडल्याची तारीख एक मार्च एकोणसत्तर. तू कधी बघितला नसशील. बघू नकोस.

तुझं अधिवेशन चांगलं होवो. मोठी माणसं येणार असतील.

डॅड


यारडीन
३ एप्रिल १९८७

ग्लेनिस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. रविवारी प्रार्थनेला गेलो होतो, पण लक्ष लागलं नाही. घरी येऊन गॅस बंद आहे का हे चारदा बघितलं. बंदच होता.

तो आकडा. त्याच्यावर फार भिस्त ठेवू नकोस.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. खात्याला दर आठवड्याला एक कार्ड पाठवायचं असे, सात दिवसांचे घड्याळाचे सात आकडे. कार्ड शुक्रवारच्या गाडीनेच जायला हवं. पुढची गाडी थेट मंगळवारी, तोवर खात्यातून तार यायची, कार्ड कुठे आहे म्हणून. मग शनिवार-रविवारचे आकडे मी शुक्रवारीच लिहून टाकायचो. घड्याळ गरीब होतं, रोज अगदी ठरलेलं तेवढंच मागे पडायचं. अंदाज चुकत नसे. शनिवारी टेकडीवर गेलं की तोच आकडा कागदावर लिहायचा, म्हणजे कार्ड आणि कागद जुळतात. दुसऱ्या केंद्रांवरचे लोकही हेच करत. कॅलिंगच्या केंद्रावरचा माणूस तर महिन्याचे आकडे एकदम लिहायचा.

बावीस तारीख शनिवार होता. तर तो ०.२ शुक्रवारी लिहिलेला आहे.

एवढंच. मला बरं वाटत नाहीये, झोप लागत नाही. तू अधिवेशनात हे वाचलंस आणि कुणी उठून काही विचारलं तर काय, हे सारखं मनात येतं. पण घड्याळ गरीब होतं. बहुतेक बरोबरच असेल.

डॅड


यारडीन
१२ एप्रिल १९८७

ग्लेनिस,

काल तू फोन केलास. रिसीव्हर ठेवल्यावर आपलं बोलणं मी कागदावर उतरवून काढलं, मला तशी सवय आहे. तू म्हणालीस, "डॅड, आकडे आधी लिहायचास हे ठीक आहे, सगळेच लिहायचे. पण त्या सकाळी तू टेकडीवर होतास. ठोके ऐकले असशीलच. ऐकले ना?" मी म्हटलं, "फार वर्षं झाली." तू म्हणालीस, "तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते जाऊ दे. पण एक गोष्ट मी लोकांना नेहमी सांगत आले. माझा बाप बायको मेली त्याच्या दुसऱ्या सकाळीसुद्धा कागद बदलायला गेला. इतका काटेकोर माणूस ठोके ऐकल्याशिवाय खाली उतरेल?" मी म्हटलं, "हवा कशी आहे तिकडे?" तू फोन ठेवलास.

मी त्या सकाळी टेकडीवर नव्हतो.

आता सगळं लिहितो. अर्धवट सोडलं तर परत हातात धरवणार नाही.

त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा आकाशातून जाळाचा गोळा पूर्वेकडे गेला आणि तोफेसारखा आवाज झाला. भांडी वाजली. शुक्रवारी क्लेम आला. त्याने एका मेंढपाळाला गाठून विचारलं होतं, आणि गोळा कुठे पडला असेल याचा त्याला अंदाज होता. मिठाच्या तळ्यापलीकडे, गाडीने तीन तास. तो म्हणाला, "उद्या पहाटे निघू. सोमवारपर्यंत थांबलास तर अख्खा जिल्हा तिथे फिरत असेल, लेका." तुझ्या आईच्या छातीत बुधवारपासून दुखत होतं. ती म्हणायची पित्त आहे. मीही म्हणायचो पित्त आहे.

शनिवारी पहाटे मी बूट घालत होतो. ती उठून आली. मी विचारलं, "छाती कशी आहे?"

"आहे जागेवर. जा तू. पाय घरात आणि डोकं क्लेमच्या गाडीत, असा नवरा घरात ठेवून मी काय करू?"

"कागद?"

"मी बदलते. ते टिक टिक ऐकायचं आणि आकडा लिहायचा. तू काय विलायतेला जाऊन शिकून आलास?"

तिला जमायचं. माझा पाय मुरगळला होता तेव्हा तिने आठ दिवस केलं होतं, खात्याला न कळवता. मी म्हटलं, "ऊन व्हायच्या आत जाऊन ये." ती म्हणाली, "जगाच्या दुसऱ्या टोकाला जमीन हलली तर तुला कळतं, ॲल्विन. माझं दुखतं ते मी सांगितल्याशिवाय कळत नाही." हसत म्हणाली. मीही हसलो. आणि गेलो.

दगड दुपारी एकला सापडला. काळा, गुळगुळीत, त्याच्या आकाराच्या मानाने विचित्र जड. क्लेम वाळूत नाचला. मी तो शर्टात गुंडाळून मांडीवर घेऊन आलो. तुझ्या आईला मला तसं घरी आणता आलं नाही.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. ती व्हरांड्यातल्या सिमेंटवर पडली होती, गार लागतं म्हणून. ओला टॉवेल गळ्याशी होता, तो वाळून कडक झाला होता. त्या दिवशी सावलीत पंचेचाळीस होतं. ती आठला वर चढली, काम केलं, उतरली, आणि मग दिवसभर तशी पडून होती. ओळखलं तिने मला. "दगड मिळाला?" असं विचारलं. क्लेमने गाडी हाकली. हॉस्पिटल दीडशे किलोमीटर. निम्म्या वाटेवर ती गेली. डॉक्टरने विचारलं, दिवसभर तिच्याजवळ कुणी नव्हतं का? मी म्हटलं, मी कामावर होतो, टेकडीवर, यंत्रात बिघाड होता. क्लेम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. गेल्या हिवाळ्यात तो वारला, तोवर त्याने हे कुणाला सांगितलं नाही. फक्त एकदा मला म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर दगड तळ्यात फेकला असता." मी संग्रहालयाला दिला, आठवडाभर पुढची तारीख घालून.

तू मला कागदासाठी बायको सोडणारा म्हणालीस तेव्हा मला खरं तर सुटल्यासारखं झालं. ते नाव त्यातल्या त्यात बरं होतं. कामाला चिकटलेला माणूस निदान कामाला तरी चिकटलेला असतो. दगडामागे गेलेल्या माणसाला काय म्हणायचं?

आता रविवारचं. ते सगळ्यात वाईट. मी दुसऱ्या सकाळी वर गेलो ते कर्तव्य म्हणून नाही. पिंपावर तिने लावलेला कागद होता, कडेला तिचं अक्षर. खात्यातल्या कुणी ते बघितलं असतं तर विचारलं असतं, हे कुणाचं, मग तू कुठे होतास? कागदावर त्या मोठ्या भूकंपाच्या लाटा उमटल्या होत्या, मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने लिहिलं होतं, 'घड्याळ मागे १.९'. कार्डावर शुक्रवारी मी ०.२ लिहून पाठवलेलं. मला वाटलं, तिने ठोके चुकीचे मोजले. छातीत दुखत असताना कोण बरोबर मोजेल? मग मी रेडिओ लावला आणि स्वतः ठोके ऐकले. घड्याळ बरोबर दोन सेकंद मागे होतं. उकाड्याने बॅटरी उतरली होती. तिने मोजलेलं बरोबर होतं.

हे कळल्यावर मी तिचा आकडा खोडरबराने पुसला आणि तिथे ०.२ लिहिलं. घड्याळ ठीक केलं, म्हणजे पुढच्या आठवड्यात कुणाला काही दिसू नये. मग खाली उतरलो, आणि शवपेटीवाला आला होता त्याच्याशी बोललो.

तर तुझे ते जवळजवळ दोन सेकंद पृथ्वीच्या पोटातले नाहीत. ते माझे आहेत. तिचा आकडा धरलास तर हादरा जेव्हा यायचा तेव्हाच आला. त्यात नवं काही नाही. तुझं काम मी मोडतोय हे मला कळतंय. पण तू चोवीसला उभी राहून ते वाचणार, ते छापलं जाणार, आणि मग कुठेतरी दुसरं यंत्र तू चूक आहेस असं म्हणणार, हे मला सहन होणार नाही.

माझ्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, ठेवण्यासारखा तो नाही. सोबत गुंडाळी पाठवतोय. खात्याने फिल्म काढून कागद परत पाठवले आणि जाळायला सांगितले तेव्हा बाकीचे जाळले, हा एक नाही. तुझी आई पेन्सिल दाबून लिहायची. कडेने दिवा धर. रबराने शिसं जातं, खळगा जात नाही.

डल्सीला रजिस्टर करायला सांगितलं आहे.

डॅड


यारडीन
३० जून १९८७

ग्लेनिस,

एप्रिलमध्ये पोचपावती आली, तुझ्या सहीची. त्यानंतर काही नाही. मे महिन्यात मी दोनदा लिहायला बसलो आणि फाडलं. तू अधिवेशनात वाचलं नाहीस हे मला वर्तमानपत्रातून कळलं नाही, तिथे असल्या गोष्टी येत नाहीत. मी खात्याला फोन केला. एका बाईंनी सांगितलं, "डॉक्टर ट्रेलोअर यांनी निबंध मागे घेतला." मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? त्या म्हणाल्या, "आपण कोण?" मी म्हटलं, जुना कर्मचारी.

काल खात्याची छापील पुस्तिका आली. पत्र नाही, चिठ्ठी नाही, पत्ता टाइप केलेला. मी ती पोस्टातच उघडली, बाहेर पाऊस होता. जुन्या नोंदींची दुरुस्ती अशी ती पुस्तिका आहे. तक्त्यात आपला भूकंप सापडला. घड्याळ मागे १.९. हादरा पोचल्याची वेळ, यायला हवी होती ती वेळ, दोन्हींत फरक काहीच नाही. शेवटच्या पानावर केंद्रं आणि तिथे काम केलेली माणसं. यारडीनसमोर माझं नाव आणि चौदा वर्षं. त्याखाली वेगळी ओळ: 'बावीस फेब्रुवारी १९६९. मर्ल ट्रेलोअर.'

डल्सी काउंटरवरून वाकून बघत होती. ती आणि तुझी आई एका वर्गात होत्या. म्हणाली, "मर्लचं नाव छापलंय! तीही कामाला होती की काय तुमच्या खात्यात?"

मी म्हटलं, "एक दिवस."

"कुठला?"

मी बोट ठेवून तारीख दाखवली. तिने चष्मा लावला, वाचली. मग म्हणाली, "पण त्या दिवशी तर तू वर होतास. तूच सांगितलं होतंस. मी तुझ्यासाठी केक करून आणला होता, म्हटलं, बिचारा कामापायी..."

मी म्हटलं, "मी नव्हतो, डल्सी. ती होती."

रोज डल्सी मला आत चहाला बोलावते. काल चष्मा काढून ठेवला आणि मागे उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, "पुढे या, तुमचं काय?"

पुस्तिका मी घरी आणली नाही. त्या पानावर उघडून काउंटरवरच ठेवली, ज्याला वाचायची त्याला वाचता यावी अशी, आणि पावसात निघालो.

ॲल्विन ट्रेलोअर